पाटीवरची मराठी अक्षरं त्रिमितीत: ब्लेंडरमध्ये घडवणं आणि रंगवणं

ठाण्यात नौपाड्यातल्या आमच्या गल्लीच्या तोंडाशी एका काकूंचं पोळी-भाजी केंद्र आहे. फ्लेक्सची जुनी पाटी उन्हाने पांढरी पडली, तेव्हा त्यांनी उठावाच्या अक्षरांची पाटी करायचं ठरवलं. ‘आधी कशी दिसेल ते संगणकावर दाखव’ म्हणाल्या. मी ब्लेंडर या त्रिमिती चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये मजकूर टाकला, अक्षरांना जाडी दिली, तांबडा रंग चढवला आणि चित्र त्यांना मोबाइलवर पाठवलं. पाच मिनिटांत उत्तर आलं: “अगं, मळितील म्हणजे काय?”

मजकूर होता ‘ताज्या भाकऱ्या मिळतील’. मि ची वेलांटी म च्या पुढे जाऊन ळ वर बसली होती. भाकऱ्यांतला अर्धा र पाय मोडून उभा होता, आणि केंद्रमधल्या द ला हलन्त लागून र त्याच्यापासून सुटला होता. अख्खी संध्याकाळ मी चकाकी आणि सावल्या बघत बसले होते, शब्द वाचलाच नव्हता. तेव्हापासून मी एकच क्रम पाळते: आधी अक्षर शुद्ध, मग जाडी, मग रंग. हा लेख त्याच क्रमाने आहे.

राज्याच्या दुकाने व आस्थापना अधिनियमात २०२२ साली दुरुस्ती झाली. दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही मराठी, देवनागरी पाटी बंधनकारक झाली आणि मराठी अक्षरं इतर लिपीपेक्षा लहान नसावीत असं ठरलं. सप्टेंबर २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दुकानदारांना दोन महिन्यांची मुदत दिली. त्यामुळे गोखले रोडपासून घोडबंदरपर्यंत उठावाच्या मराठी अक्षरांचं काम आज भरपूर आहे. ते करणाऱ्या मुलामुलींना हाताशी धरून दाखवणारं मराठीत फार थोडं आहे, म्हणून जरा तपशिलात लिहिते.

अक्षर का मोडतं

युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावर अक्षरं साठवण्याच्या आजच्या प्रमाण पद्धतीत, ‘मि’ हे आधी म, मग ऱ्हस्व वेलांटी अशा क्रमाने साठवलेलं असतं. वेलांटी डावीकडे नेणं, जोडाक्षर जुळवणं, रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर बसवणं ही कामं अक्षरजुळणी करणारी वेगळी यंत्रणा करते. ब्राउझरमध्ये ती असते, इंकस्केप या रेखाकृतींच्या सॉफ्टवेअरमध्ये असते. ब्लेंडरच्या ज्या तिसऱ्या आणि चौथ्या मालिकेतल्या आवृत्त्यांवर मी काम केलं, त्यांच्या ‘टेक्स्ट’ ऑब्जेक्टमध्ये ती नव्हती. तिथे प्रत्येक चिन्ह साठवलेल्या क्रमाने एकापुढे एक मांडलं जातं. फॉन्ट कितीही चांगला असला तरी फरक पडत नाही.

कुठलंही नवं सॉफ्टवेअर हाती आलं की मी आधी हे शब्द टाकून बघते: मिळतील, केंद्र, मूर्ती, श्री, ज्ञान, विठ्ठल, भाकऱ्या. सातही नीट उमटले तर थेट तिथेच काम करा. एक जरी मोडला तर पुढची वाट धरा.

एक आडवाट आहे. श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये अक्षरांचे तुकडे दिसतात त्याच क्रमाने टाइप करायचे असतात, त्यामुळे ते ब्लेंडरमध्ये सरळ उमटतात. मजकूर पुन्हा पुन्हा बदलायचा असेल, उदाहरणार्थ चलतचित्रात, तर ही युक्ती कामाला येते. पाटीसाठी मात्र मी ती वापरत नाही, कारण तो मजकूर दुसरीकडे चिकटवला की त्याची अगम्य चिन्हं होतात.

पहिला टप्पा: इंकस्केपमध्ये शब्द

इंकस्केप आणि ब्लेंडर दोन्ही मोफत आहेत. इंकस्केपमध्ये नवा कागद घ्या, ‘डॉक्युमेंट प्रॉपर्टीज’मध्ये एकक मिलिमीटर ठेवा आणि मजकूर टाइप करा. भाकऱ्यामधला ऱ नीट टाइप होतोय ना, ते बघा. ऱ, मग हलन्त, मग य. साधा र घेतलात तर ‘भाकर्या’ होतं, म्हणजे सूर्यासारखा रफार य च्या डोक्यावर जातो. मोबाइलच्या बहुतेक मराठी कळफलकांवर र दाबून धरला की ऱ मिळतो.

फॉन्ट निवडायला वेळ द्या. पाटीसाठी मला मुक्त आणि बलू हे ‘एक टाइप’ या फॉन्ट घडवणाऱ्या संस्थेचे दोन फॉन्ट आवडतात. मुक्तला सात वजनं, म्हणजे जाडीचे प्रकार, आहेत, त्यातलं सेमीबोल्ड किंवा बोल्ड घ्यावं. सर्वांत जाड वजनात ळ आणि क्ष यांच्या पोटातली पोकळी आधीच अरुंद असते आणि पुढे कडा गोलावल्या की ती बुजते. बलू गोलसर आणि भरदार आहे, खाण्याच्या दुकानाला शोभतो. दोन्ही खुल्या परवान्याचे आहेत, व्यवसायासाठी वापरता येतात. मराठी वळणाचा ल आणि श हवा असेल तर टिरो देवनागरी मराठी बघा. फक्त त्याच्या रेषांमध्ये जाड-बारीक असा फरक आहे आणि बारीक भाग खऱ्या ॲक्रिलिकमध्ये नाजूक होतात.

अक्षरांमधलं अंतर शून्यच ठेवा. इंग्रजी पाट्यांवर अक्षरं लांब लांब ठेवायची पद्धत आहे. मराठीत तसं केलं की शिरोरेषा तुटते आणि शब्द दात पडल्यासारखा दिसतो. ओळ लांब हवी असेल तर आकार वाढवा किंवा दोन शब्दांमधली जागा वाढवा. अक्षरं आडवी ताणूही नका. ताणलं की उभे दंड जाड होतात, शिरोरेषा तेवढीच राहते, आणि फॉन्ट घडवणाऱ्याने राखलेला तोल जातो.

आता या फाइलची एक प्रत जपून ठेवा, ज्यात मजकूर अजून मजकूर म्हणूनच आहे. पुढचं काम दुसऱ्या प्रतीवर.

मजकूर निवडा आणि ‘पाथ’ मेनूतलं ‘ऑब्जेक्ट टू पाथ’ चालवा. अक्षरं आकृत्या झाल्या. मग ‘अनग्रुप’ करा, एका ओळीच्या सगळ्या आकृत्या निवडा आणि ‘पाथ’मधलं ‘युनियन’ चालवा.

हे युनियन विसरू नका. देवनागरी फॉन्टमध्ये प्रत्येक अक्षराची शिरोरेषा शेजारच्या अक्षरावर किंचित चढलेली असते, म्हणून तर ओळ अखंड दिसते. ब्लेंडर मात्र एकाच ऑब्जेक्टमधल्या एकमेकांवर चढलेल्या दोन आकृत्यांच्या सामाईक भागाला भोक समजतो. युनियनशिवाय आणून एका ऑब्जेक्टमध्ये जोडलेल्या शब्दाच्या शिरोरेषेत दर दोन अक्षरांमध्ये खाच पडते. मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा फॉन्ट बदलत बसले होते, दोष फॉन्टचा नव्हताच.

युनियन नीट झालं का हे बघायला ‘व्ह्यू’ मेनूतून ‘डिस्प्ले मोड’ ‘आउटलाइन’वर न्या. रंग जाऊन फक्त कडा दिसतात. शिरोरेषेच्या आतून एकही आडवी-उभी रेघ जाता कामा नये. असेल तर तेवढ्या आकृत्या निवडून पुन्हा युनियन करा. ‘सिम्प्लिफाय’च्या मोहात पडू नका. त्याने बिंदू कमी होतात, पण वळणं ढेपाळतात. दोन ओळींना वेगवेगळे रंग द्यायचे असतील तर प्रत्येक ओळीचं युनियन वेगळं करा. फाइल ‘प्लेन एसव्हीजी’ म्हणून साठवा.

दुसरा टप्पा: ब्लेंडरमध्ये जाडी

‘फाइल’, ‘इम्पोर्ट’, ‘स्केलेबल व्हेक्टर ग्राफिक्स’. मजकूर आला, पण दिसत नाही, असं वाटेल. तो इवलासा असतो, कारण कागदावरची सेंटिमीटर मापं मीटरच्या जगात आली आहेत. उजवीकडच्या यादीत ‘कर्व्ह’ प्रकारचा ऑब्जेक्ट निवडा आणि नमपॅडवरचा टिंब दाबा, दृश्य त्याच्यावर जाईल.

‘ऑब्जेक्ट’ मेनूतून ‘सेट ओरिजिन’, त्यात ‘ओरिजिन टू जॉमेट्री’. मग एस दाबून तिन्ही दिशांना सारखंच मोठं करा आणि एन दाबून उघडणाऱ्या पट्टीत ‘डायमेन्शन्स’वर नजर ठेवा. काकूंची पाटी १० फूट बाय ३ फूट, म्हणजे सुमारे ३.०५ मीटर बाय ०.९१ मीटर. ‘पोळी-भाजी केंद्र’ ही ओळ मी २.६ मीटर रुंद केली. दोन्ही बाजूंना मोकळी जागा राहिली की अक्षरं श्वास घेतात.

आता कंट्रोल-ए दाबून ‘स्केल’ पक्कं करा. हे राहिलं तर पुढे जाडीचे आकडे खोटे ठरतात, कारण ब्लेंडर आकाराबरोबर जाडीही पटीत वाढवतो. मग आर, एक्स, ९० असं दाबून शब्द उभा करा.

हिरव्या वळणाच्या चिन्हाखाली ‘ऑब्जेक्ट डेटा’ उघडा. वर ‘टूडी’ निवडलेलं राहू द्या, ‘थ्रीडी’ केलं तर अक्षराचं पोट रिकामं होतं. त्याखाली ‘जॉमेट्री’ भागात तीन आकडे महत्त्वाचे.

‘एक्स्ट्रूड’ म्हणजे जाडी, पण ती दोन्ही बाजूंना जाते. ‘बेव्हल’मधला ‘डेप्थ’ कड गोल करतो आणि तोही पुढे-मागे दोन्हीकडे भर घालतो. म्हणून एकूण जाडी म्हणजे या दोघांच्या बेरजेची दुप्पट. मला २ इंच, म्हणजे जवळपास ५० मिलिमीटर जाडी हवी होती. एक्स्ट्रूड ०.०२३ आणि बेव्हल ०.००२ दिलं, बेरीज ०.०२५, दुप्पट ०.०५ मीटर.

तिसरा आकडा ‘ऑफसेट’. बेव्हल दिल्यावर अक्षर बाहेरच्या अंगाने तेवढंच सुजतं. मूळ वळण राखायचं तर ऑफसेटमध्ये तोच आकडा उणे चिन्हाने द्या, इथे उणे ०.००२. देवनागरीत हे विशेष जपावं लागतं, कारण मात्रा, रफार आणि अनुस्वार एकमेकांच्या अगदी जवळ दाटीने बसलेले असतात. सुजलेली मात्रा अनुस्वाराला चिकटली की ‘कें’चा गोळा होतो. बेव्हलचं ‘रिझॉल्यूशन’ २ किंवा ३ पुरे.

कोणता तुकडा सुटा आहे

शिरोरेषेचा मोठा उपकार असा की मराठी शब्द एकसंध असतो. इंग्रजी पाटीत प्रत्येक अक्षर वेगळं बसवावं लागतं, आपला अख्खा शब्द एका तुकड्यात कापता येतो, एका तुकड्यात उचलता येतो. ग, ण, श यांचे सुटे दंडसुद्धा वरून शिरोरेषेने धरलेले असतात.

पण काही तुकडे त्या घरात नसतात. अनुस्वाराचं टिंब, चंद्रबिंदू, दोन शब्दांमधली जोडरेघ हे सुटे असतात. ऱ्या मधला अर्धा र काही फॉन्टमध्ये य ला टेकतो, काहींमध्ये हवेत तरंगतो. पडद्यावर हे सगळं जागच्या जागी दिसतं. भिंतीवर टिंबाला वेगळा स्क्रू लागतो, आणि थ्रीडी प्रिंटमध्ये ते यंत्रावरून उचलताच हरवतं.

मोजायची सोपी रीत आहे. वळणाची, म्हणजे त्या कर्व्ह ऑब्जेक्टची, प्रत काढा (शिफ्ट-डी), प्रतीवर ‘ऑब्जेक्ट’, ‘कन्व्हर्ट’, ‘मेश’ चालवा. मेश म्हणजे छोट्या पृष्ठांची जाळी. टॅब दाबून आत जा, ए दाबून सगळं निवडा, एम दाबून ‘बाय डिस्टन्स’ चालवा म्हणजे पुढचा भाग आणि बाजू यांचे एकाच जागचे बिंदू जोडले जातील, मग पी आणि ‘बाय लूज पार्ट्स’. उजवीकडच्या यादीत जितके ऑब्जेक्ट झाले तितके तुकडे. आमच्या ओळीत चार निघाले: पोळी, जोडरेघ, भाजी आणि केंद्र. मी पाच धरून बसले होते. निवडलेल्या फॉन्टमध्ये अनुस्वार मात्रेला टेकलेला होता, तो वाचायला जड जात होता. इंकस्केपमध्ये परत जाऊन टिंब दोन मिलिमीटर उजवीकडे सरकवलं.

तिसरा टप्पा: रंग

वळणाला एकच मटेरियल दिलं तर पुढचा भाग आणि बाजू एकाच रंगाच्या होतात, आणि समोरून बघताना जाडी जाणवत नाही. जुने पेंटर अक्षराला गडद सावलीची बाजू काढत, ती काही शोभेसाठी नव्हती. लांबून शब्द उठून दिसावा म्हणून होती. आपणही दोन रंग घ्यायचे.

वळणाची मूळ प्रत लपवून ठेवा, मोजायला सुटे केलेले तुकडे निवडून कंट्रोल-जे दाबून पुन्हा एकत्र जोडा आणि त्या मेशवर काम करा. ‘मटेरियल’ भागात पहिला खण घ्या आणि त्यात बाजूचा रंग भरा. हा आपोआप सगळ्या अक्षराला लागेल. अधिकचं चिन्ह दाबून दुसरा खण घ्या, त्यात पुढचा रंग. टॅबने आत जा, ३ दाबून पृष्ठं निवडायच्या पद्धतीवर या आणि अक्षराच्या पुढच्या भागावर कुठेही टिचकी मारा. शिफ्ट-जी दाबून ‘नॉर्मल’ निवडा. त्याच दिशेला तोंड असलेली सगळी पृष्ठं एकदम निवडली जातात. दुसरा खण निवडून ‘असाइन’. गोल कड बाजूच्या रंगातच राहिली, म्हणून पुढच्या रंगाभोवती आपसूक एक बारीक किनार आली. काकूंना हीच सगळ्यात जास्त आवडली.

रंग भरताना आरजीबीच्या तीन खणांत अंदाजाने आकडे टाकू नका. ते प्रकाशाच्या हिशेबाचे असतात, तिथला ०.५ डोळ्यांना मधला करडा वाटत नाही. रंगाचा हेक्स कोड (# ने सुरू होणारा सहा चिन्हांचा) असेल तर हेक्सच्या खणातच टाका.

तरीही रंग फिका दिसला तर दोष मटेरियलचा नाही. ‘रेंडर’ भागात खाली ‘कलर मॅनेजमेंट’मध्ये ‘व्ह्यू ट्रान्सफॉर्म’ बघा. ब्लेंडर ४.०पासून तिथे ‘एजीएक्स’ असतं. ते तीव्र प्रकाशात रंग हळुवार उतरवतं, निसर्गचित्रांना छान, पण पाटीचा तांबडा त्यात विटकरी होतो. ‘स्टँडर्ड’ करा. ठरलेला रंग जसाच्या तसा बघायचा असेल तर मटेरियलमध्ये नेहमीच्या शेडरऐवजी ‘एमिशन’ शेडर घेऊन त्याला तो रंग आणि जोर १ द्या, स्टँडर्डमध्ये तंतोतंत दिसेल.

आणि हेक्स कोड ठरवण्याआधी बोर्डवाल्याचं शेड कार्ड मागा. मी आधी पडद्यावर सुंदर केशरी निवडला, मग वागळे इस्टेटमधल्या बोर्डवाल्याकडे गेले तर ॲक्रिलिकमध्ये तसा केशरी नव्हताच. आता उलटं करते: शेड कार्डाचा फोटो सकाळच्या उजेडात सावलीत काढायचा, त्यातून रंग उचलायचा, तो ब्लेंडरमध्ये भरायचा.

चकाकीसाठी ‘रफनेस’. ॲक्रिलिकला ०.१५च्या आसपास, मॅट रंगाला ०.६ ते ०.८, पितळी अक्षरांना ‘मेटॅलिक’ १ आणि रफनेस ०.३. ज्या दुकानाचं तोंड पश्चिमेला आहे त्याला माझी मॅटची शिफारस असते. संध्याकाळी पाच वाजता, म्हणजे नेमकं गिऱ्हाईक यायच्या वेळी, चकचकीत अक्षरावर सूर्य पडला की शब्द वाचता येत नाही. ब्लेंडरमध्ये ‘सन’ दिवा तिरपा समोरून टाकून हे आधीच बघता येतं.

पेंटरांची आणखी एक जुनी रीत इथे उतरवता येते: एकाच अक्षरात दोन रंगांचे पट्टे. ‘शेडिंग’मध्ये ‘टेक्श्चर कोऑर्डिनेट’चं ‘जनरेटेड’ टोक ‘सेपरेट एक्सवायझेड’ला जोडा, त्याचा वाय ‘कलर रॅम्प’ला आणि त्याचा रंग ‘बेस कलर’ला. रॅम्पमध्ये ‘कॉन्स्टंट’ निवडलं की रंग हळूहळू न बदलता रेघेवर पालटतो. ती रेघ शिरोरेषेच्या खालच्या कडेवर आणून ठेवा. शिरोरेषा आणि वरच्या मात्रा, वेलांट्या एका रंगात, अक्षरांची अंगं दुसऱ्यात. अट एकच, संपूर्ण ओळ एकच ऑब्जेक्ट असावी. शब्द सुटे केले तर ज्या शब्दाखाली उकार आहे त्याची उंची वेगळी मोजली जाते आणि रेघ वर-खाली होते.

दाखवणं आणि पुढे देणं

दुकानाचा समोरून काढलेला फोटो कॅमेऱ्याच्या ‘बॅकग्राउंड इमेजेस’मध्ये लावा आणि अक्षरं त्यावर जुळवा. ‘फिल्म’मध्ये ‘ट्रान्स्परंट’ केलं की मागची जागा पारदर्शक येते, मग फोटोवर ठेवता येते. अंतिम चित्र काढायला ब्लेंडरमध्ये सायकल्स आणि ईव्ही अशा दोन यंत्रणा आहेत: सायकल्समध्ये सावली खरी पडते, ईव्हीमध्ये चित्र लवकर होतं. एलईडीची अक्षरं दाखवायची असतील तर ४.२पासून ईव्हीतला ‘ब्लूम’ गेला आहे, झळाळीसाठी कंपोझिटरमधला ‘ग्लेअर’ वापरा. पाठवण्याआधी चित्र एकदा रंग काढून करड्यात बघा. पुढचा रंग आणि मागचा पत्रा करड्यात सारखेच दिसले तर रस्त्यापलीकडून पाटी वाचली जाणार नाही.

बोर्डवाल्याला ब्लेंडरची फाइल देऊन उपयोग नाही. त्याला कापायला इंकस्केपमधली युनियन केलेली सपाट आकृती द्या, खऱ्या मापात, आणि सोबत ब्लेंडरचं चित्र रंगांसाठी. त्याच आकृतीचा पूर्ण मापाचा कागदी छाप काढून घ्या. तो भिंतीवर चिकटवून भोकं पाडली की अनुस्वार नेमक्या जागी बसतो. थ्रीडी प्रिंट करायचं तर एसटीएल प्रकारची फाइल द्या, पण त्यात रंगही जात नाही आणि एककही जात नाही, म्हणून निर्यात करताना स्केल १००० ठेवा, मीटरचे मिलिमीटर होतील. रंगासकट मोबाइलवर फिरवून दाखवायचं तर जीएलबी प्रकारची फाइल. रॅम्पचे पट्टे मात्र त्यात उतरत नाहीत, साधे रंग उतरतात.

छपाईला पाठवण्याच्या आदल्या दिवशी मी ती ओळ काकूंना मोठ्याने वाचायला सांगते. मजकूर लिहिणाऱ्याच्या डोळ्यांना स्वतःची चूक दिसत नाही. या वेळी काकूंनी दोनदा वाचलं, मग म्हणाल्या, “थालीपीठ राहिलं.” इंकस्केपची ती जपलेली प्रत उघडली, शब्द घातला, आणि युनियनपासून पुन्हा सगळं केलं. पाऊण तास लागला.